शंकासमाधान : प्रोग्रॅमिंगची पहिली भाषा कोणती?

निकालांचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी संगणक हळू का चालतो, प्रिंटर मध्येच का थांबतो असे विचारणारे वाचक या दिवसांत एकच गोष्ट विचारतात : प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे, सुरुवात कोणत्या भाषेने करावी? या वेळी अलिबागपासून मालवणपर्यंतच्या वाचकांनी ते विचारले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, पत्रलेखकांची नावे गाळून, निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालो असून संगणक अभियांत्रिकीला जाण्याचा विचार आहे. वर्ग सुरू होईपर्यंत थोडा वेळ हातात आहे. पुण्यात नोकरीला असलेला मावसभाऊ म्हणतो, पायथनच शीक. शिकवणीचे सर म्हणतात, सी आल्याशिवाय पाया पक्का होत नाही. यूट्यूबवर तिसरेच कोणी जावास्क्रिप्ट सांगतात. घरी दादाचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर विंडोज ७ आहे. पावसात आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. काय करावे?
— एक विद्यार्थी, गुहागर

उत्तर : पायथनने सुरुवात करा. मात्र ‘सगळे तेच शिकतात’ किंवा ‘नोकऱ्या तिथेच आहेत’ ही त्याची कारणे नव्हेत. तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांनीही आपापल्या कामाची भाषा सांगितली आहे आणि त्यांच्या जागी ते बरोबरही आहेत. तुमची जागा वेगळी आहे. तुम्ही घरी एकटे बसून शिकणार आहात, शेजारी विचारायला कोणी नाही आणि इंटरनेटवर शोधावे तर रेंज नाही. अशा वेळी भाषा किती वेगवान आहे किंवा कोणत्या कंपनीत चालते यापेक्षा, आपण चुकलो की ती ते आपल्याला सांगते की गप्प बसते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

हे एका उदाहरणाने पाहू. भरतीची वेळ काढण्याचा आडाखा किनाऱ्यावरच्या माणसाला नवा नाही : तिथीची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. आडाखा ढोबळ आहे आणि होडी बाहेर काढणाऱ्याने भारतीय सर्वेक्षण विभागाची छापील कोष्टकेच पाहावीत, हे खरे. पण शिकणाऱ्यासाठी तो फार सोयीचा आहे, कारण उत्तर बरोबर आले की चूक हे ठरवायला संगणकाची गरज पडत नाही. पंचमीला पावणेचार वाजले पाहिजेत, एवढे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. आता तिथी विचारून घेणारा, तिला तीन चतुर्थांशाने गुणणारा आणि वेळ दाखवणारा चार ओळींचा प्रोग्रॅम तिन्ही भाषांत लिहून पाहू.

सी भाषेत नवशिका साहजिकच कंसात तीन भागिले चार लिहितो आणि त्याने तिथीला गुणतो. प्रोग्रॅम विनातक्रार चालतो आणि प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत प्रत्येक तिथीला भरती शून्य वाजता दाखवतो. सीच्या नियमानुसार पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच येते, अपूर्णांकाचा भाग गळून पडतो आणि तीन भागिले चार म्हणजे शून्य होते. निदान ही चूक डोळ्यांना दिसते. पण त्याने कंस काढून आधी तिथीला तिनाने गुणले आणि मग चाराने भागले, तर चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा अगदी बरोबर येतात. पंचमीला मात्र पंधरा भागिले चार म्हणजे तीन येऊन पाऊण तास नाहीसा होतो. ज्याने फक्त चतुर्थी आणि अष्टमी तपासली, तो आपला प्रोग्रॅम बरोबर आहे असे समजून पुढे जाईल.

जावास्क्रिप्टमध्ये चौकटीत टाइप केलेली तिथी प्रोग्रॅमला आकडा म्हणून नव्हे, तर अक्षर म्हणून मिळते. पण गुणाकार आला की ही भाषा न सांगता त्या अक्षराचा आकडा करून घेते आणि ३.७५ असे बरोबर उत्तर देते. शिकणारा खूश होतो. मग त्याला उद्याची भरती काढाविशी वाटते आणि तो तिथीत एक मिळवतो. बेरजेच्या वेळी मात्र हीच भाषा अक्षराला अक्षर जोडते, पाचात एक मिळवल्यावर ५१ होतात आणि उद्याची भरती सव्वाअडतीस वाजता येते. इथेही तक्रारीचा शब्द नाही.

पायथनमध्येही तिथी अक्षर म्हणूनच मिळते. तिला तिनाने गुणले तर पायथन ते अक्षर तीनदा लिहून ५५५ करतो, म्हणजे तोही धुतल्या तांदळासारखा नाही. पण पुढे चाराने भागायला जाताच तो थांबतो, ‘टाइप एरर’ असे नाव घेऊन कोणत्या ओळीत अडले तेही दाखवतो आणि अक्षराला आकड्याने भागता येत नाही असे सांगतो. ती ओळ वाचायची, तिथीचे आकड्यात रूपांतर करायचे आणि पुन्हा चालवायचे. आता ३.७५ येते. पुढची अडचण भाषेची नसून विचाराची आहे : ३.७५ म्हणजे तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटे नव्हेत. ती सोडवण्याचा चांगला मार्ग असा की दर तिथीला पंचेचाळीस मिनिटे धरून पंचमीची २२५ मिनिटे काढावीत, त्यांना साठाने भागून पूर्ण तास घ्यावेत आणि बाकी मिनिटे म्हणून दाखवावी. पायथनमध्ये पूर्ण भागाकाराचे आणि बाकीचे अशी दोन वेगळी चिन्हे आहेत. गंमत म्हणजे सीमध्ये जो नियम मघाशी नडला, तोच येथे कामाला येतो, कारण तिथला साधा भागाकारच पूर्ण तास देतो.

या तिन्ही स्वभावांमागे कारणे आहेत. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सी घडवली ती युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी. वापरणारा तज्ज्ञ असणार हे गृहीत होते आणि यंत्राचा एक क्षणही वाया जाऊ नये हा हेतू होता. जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तयार केली. वेब पानांवरची किरकोळ कामे तिने करावीत आणि शक्यतो अडून बसू नये अशी अपेक्षा होती. पायथन ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत गीडो व्हान रोसुम यांनी तयार केला आणि तो १९९१ साली बाहेर आला. त्याच संस्थेत आधी एबीसी नावाची शिकाऊ लोकांसाठीची भाषा तयार झाली होती आणि तिच्यावर काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. शिकणाऱ्याला पायथन सोपा वाटतो, त्याचे मूळ तिथे आहे.

तुमच्या सरांचे म्हणणे मात्र उडवून लावू नका. राज्याच्या तंत्रनिकेतनांत संगणक शाखेच्या पहिल्याच वर्षी सी शिकवतात आणि अभियांत्रिकीतही ती तुम्हाला भेटणारच आहे. संगणकाच्या स्मृतीत माहिती कोणत्या पत्त्यावर ठेवली जाते, ती कोण मोकळी करते, हे सी जितके उघडे करून दाखवते तितके पायथन दाखवत नाही. परंतु लूप (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणे), अट, फंक्शन (नाव दिलेला आज्ञांचा गट) या गोष्टी एकदा पायथनमध्ये हाताखालून गेल्या की सीमध्ये त्या नव्याने शिकाव्या लागत नाहीत. तिथे फक्त यंत्राकडे लक्ष द्यावे लागते. आणि सर जर रोज तासभर शेजारी बसून तुमचा प्रोग्रॅम तपासणार असतील, तर खुशाल सीने सुरुवात करा. जाणता माणूस जवळ असला की वर लिहिलेली निम्मी अडचण संपते.

आता लॅपटॉपविषयी. विंडोज ७ वर पायथनची ३.८ ही शेवटची आवृत्ती चालते, ३.९ पासूनच्या आवृत्त्या तिथे बसतच नाहीत. हे माहीत नसल्यामुळे अनेकजण लॅपटॉप बिघडला असे समजतात. शिकण्यापुरती ३.८ पुरेशी आहे. तालुक्याच्या गावी रेंज असेल तेव्हा ती एकदा उतरवून घ्या. तिच्याबरोबर ‘आयडल’ नावाचा साधा संपादक येतो आणि त्यानंतर इंटरनेट लागत नाही. वीज गेल्यावर कागदावर प्रोग्रॅम लिहून त्याचे उत्तर काय येईल ते मांडून ठेवावे आणि वीज आल्यावर ताडून पाहावे. हा सराव एरवी कोणी करत नाही, पण फार उपयोगी आहे. जुने व्हिडिओ किंवा जुनी पुस्तके वापरताना एक खूण लक्षात ठेवा. छापण्याच्या ‘प्रिंट’ या आज्ञेपुढे कंस नसेल, तर तो पायथन २ आहे, ज्याचा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला. ते बाजूला ठेवा. त्या आवृत्तीत तीन भागिले चार हे सीप्रमाणेच शून्य येत असे.

प्रश्न : माझे वय ५२ आहे. आमची हापूसची बाग आहे. बऱ्याच पेट्या वाशीला दोन-तीन दलालांकडे जातात, काही थेट गिऱ्हाइकांना. दलालांकडून येणाऱ्या पट्ट्यांचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबपावत्यांचा, हिशेब वहीत राहतो आणि हंगाम संपला तरी जुळत नाही. मुलगा म्हणतो की हल्ली एआयला सांगितले की तो प्रोग्रॅम लिहून देतो. मला मात्र स्वतः शिकावेसे वाटते. या वयात कोणती भाषा जमेल?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : वयाचा प्रश्न नाही, ज्याला हिशेबपट्टी वाचता येते त्याला प्रोग्रॅमिंगमधले अर्धे काम आधीच येते. परंतु तुमच्या कामाला पहिले वर्षभर कोणतीही भाषा लागणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. लिबरऑफिसचे कॅल्क फुकट मिळते, एक्सेल असेल तर तेही चालेल. त्यात एक पट्टी म्हणजे एक ओळ असा नियम करा : तारीख, दलाल, पेट्या, पेटीतले डझन, भाव, अडत, हमाली, मोटारभाडे आणि शेवटी निव्वळ रक्कम. एकाच पट्टीत पाच डझनी आणि सहा डझनी पेट्या वेगवेगळ्या भावाने गेल्या असतील तर दोन ओळी करा. एका चौकटीत दोन्ही मिळून लिहिण्याचा मोह टाळा, कारण माणसाला ते कळते, यंत्राला कळत नाही. दलालाचे नाव दर वेळी एकाच पद्धतीने लिहा. एकदा ‘शेठ’ लावले आणि एकदा गाळले, तर संगणक त्यांना दोन माणसे समजतो आणि हंगामाअखेर बेरीज जुळत नाही ती बहुधा अशाच ठिकाणी.

मग अटीवर बेरीज करणारे ‘सम-इफ’ हे सूत्र शिका. अमुक दलालाच्या सगळ्या ओळींमधली निव्वळ रक्कम किती, हे ते एका चौकटीत देते. त्यात अट आहे, नाव दिलेली माहिती आहे, एका चौकटीचे उत्तर दुसरीत वापरणे आहे, म्हणजे तुम्ही प्रोग्रॅमच लिहीत आहात. पुढे तीन-चार वर्षांच्या फाइली एकत्र करून कोणत्या आठवड्यात कोणाकडे भाव चढा मिळाला, असे प्रश्न पडू लागले आणि दर वेळी तेच ते हाताने चिकटवण्याचा कंटाळा आला, की पायथन घ्या. अशा फाइली वाचणे हे त्याचे रोजचे काम आहे. तिथे एक सावधगिरी : रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, त्यात एक दशांश नेमका मावत नाही आणि पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारले तर तो ०.३०००००००००००००००४ असे सांगतो. सीमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्येही मूळ स्थिती हीच आहे.

मुलाचे म्हणणेही वापरून पाहायला हरकत नाही. एआयने लिहून दिलेला प्रोग्रॅम घ्या, पण ज्यांचे उत्तर वहीत नक्की ठाऊक आहे अशा तीन-चार जुन्या पट्ट्या आधी त्यात घालून पाहा आणि त्यांतली एक मुद्दाम वाकडी घ्या, म्हणजे नासक्या फळांची वजावट झालेली किंवा भाडे दोनदा लागलेली. चुकीचे उत्तरही पडद्यावर बरोबर उत्तराइतकेच नीटनेटके दिसते. ते ओळखण्यासाठी आपला हिशेब आपल्यालाच कळावा लागतो.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला असून सकाळी महाविद्यालय आणि दुपारी दुकानात काम करते. लॅपटॉप घेण्याची ऐपत सध्या नाही, अँड्रॉइड फोन आहे. फोनवर शिकता येईल का आणि कोणती भाषा?
— एक विद्यार्थिनी, मुरूड-जंजिरा

उत्तर : सुरुवात निश्चित करता येईल. पायड्रॉइड नावाचे ॲप एकदा उतरवले की फोनवर पायथन इंटरनेटशिवाय चालतो. अडचण भाषेची नाही, बोटांची आहे. पायथनमध्ये कोणती ओळ कोणत्या अटीच्या पोटात आहे हे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून ठरते आणि छोट्या पडद्यावर एखादी जागा कमी-जास्त झाली तर ती पटकन दिसत नाही. म्हणून ओटीजी जोडणीने (फोनला बाहेरची साधने जोडण्याच्या तारेने) फोनला साधा कीबोर्ड लावता येतो का ते पाहा. कोणाकडे जुना पडून असेल तर विकतही घ्यावा लागणार नाही. वीस-पंचवीस ओळींपर्यंतचे प्रोग्रॅम फोनवर सुखाने होतात. त्यापुढे गेलात की महाविद्यालयाच्या संगणक कक्षात आठवड्यातून दोन तास मिळतील का, याची चौकशी करा. संगणक कक्ष फक्त विज्ञान शाखेसाठी असतो असा पुष्कळांचा समज असतो. विनंतीचा अर्ज एकदा देऊन तर पाहा.

प्रमाणपत्राच्या आशेने महागडा वर्ग मात्र लावू नका. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे सी, सी प्लस प्लस अशा विषयांवरचे छोटे धडे मराठी आवाजातही फुकट मिळतात आणि उतरवून ठेवता येतात. आणि एक लक्षात असू द्या : एमएस-सीआयटी केले म्हणजे प्रोग्रॅमिंग आले असे नाही; तो संगणक वापरण्याचा अभ्यासक्रम आहे.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. शाळेत चार संगणक आहेत, त्यांतले दोन चालतात. काही पालक ‘मुलांना कोडिंग शिकवा’ म्हणून मागे लागले आहेत. मुलांना थेट पायथन द्यावा का?
— एक शिक्षक, मालवण तालुका

उत्तर : थेट देऊ नये. या वयाच्या मुलाला इंग्रजी अक्षरे टाइप करतानाच निम्मा तास जातो आणि एक विरामचिन्ह राहिले म्हणून प्रोग्रॅम अडला की ‘मला जमत नाही’ असे त्याला वाटू लागते. स्क्रॅच वापरा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने ते २००७ साली खुले केले. आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी ते बनवलेले आहे, फुकट आहे आणि संगणकावर बसवले की इंटरनेटशिवाय चालते. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे असतात. जे बसू नयेत ते बसतच नाहीत, त्यामुळे टाइप करताना होणाऱ्या चुकांचा प्रश्न उरत नाही आणि मुलांचे लक्ष क्रमाकडे राहते.

दोनच संगणक चालतात याची चिंता करू नका. पहिले काही तास अंगणातच घ्या. एका मुलाने कागदावर आज्ञा लिहायच्या, दुसऱ्याने त्या तंतोतंत पाळायच्या, मनाचे काहीही करायचे नाही : दहा पावले पुढे, उजवीकडे काटकोनात वळ, हे चार वेळा. खडूने रेघ ओढत गेल्यास चौरस पुरा होतो. मग सहा वेळा करून षटकोन काढायला सांगा आणि वळण किती अंशांचे ते सांगू नका. कोणी नव्वदच ठेवेल आणि पुन्हा त्याच रेघेवर येईल, कोणी अंदाजाने पंचेचाळीस करेल आणि आकृती उघडीच राहील. तीनशे साठ अंश सहा वळणांत वाटून द्यायचे आहेत, हे एखाद्या मुलीच्या लक्षात आले की ती आठ, दहा, बारा बाजूंच्या रांगोळ्या स्वतःच काढू लागेल. त्यानंतर तीच आकृती स्क्रॅचमध्ये करू द्या आणि चालवण्याआधी ‘काय दिसेल?’ हे प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या. दोघांनी मिळून एका संगणकावर बसणे हे या वयात एकट्याने बसण्यापेक्षा चांगलेच. मात्र माऊस दर दहा मिनिटांनी हातातून हातात गेला पाहिजे, नाहीतर एकच मुलगा शिकतो.

ही कल्पना नवी नाही. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली लोगो ही मुलांची भाषा तयार केली आणि पुढे तिच्यात पडद्यावर रेघ ओढत फिरणारे कासव आले. तेच कासव आज पायथनबरोबर ‘टर्टल’ या नावाने येते. त्यामुळे आठवी-नववीत मुले पायथनकडे वळतील तेव्हा षटकोन त्यांना ओळखीचा असेल. पालकांना एवढे सांगा की सातवीच्या मुलाला भाषेचे नाव सांगता आले नाही तरी चालेल, षटकोनाचे वळण सांगता आले पाहिजे.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, इंग्रजी कच्चे आहे. मराठीतून प्रोग्रॅम लिहिता येतो का? तशी सोय असलेली भाषा आधी शिकावी का?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : निव्वळ त्यासाठी वेगळी भाषा शोधू नका. पायथनमध्ये आज्ञांचे राखीव शब्द अवघे ३५ आहेत आणि सुरुवातीला त्यांतले दहा-बाराच लागतात. ते इंग्रजीच राहतात, पण तेवढे शब्द आठवड्याभरात तोंडी होतात. बाकी पुष्कळ काही मराठीत करता येते. पायथन ३ मध्ये ‘तिथी’, ‘पेट्या’ अशी नावे देवनागरीत देता येतात, प्रश्न आणि उत्तरे मराठीत दाखवता येतात. वापरणाऱ्याने ‘१२’ असे देवनागरी आकडे टाइप केले तरी आकड्यात रूपांतर करणारी ‘इंट’ ही आज्ञा त्यांना बारा म्हणूनच ओळखते. जावास्क्रिप्ट तेच आकडे ‘हा आकडाच नव्हे’ म्हणून परत करते. मात्र प्रोग्रॅमच्या ओळीत तुम्ही स्वतः देवनागरी आकडा थेट लिहिला, तर पायथनही अडतो. अक्षरे मोजतानाही फसगत होते. ‘रत्नागिरी’ या शब्दाची लांबी विचारल्यास तो नऊ सांगतो, कारण काना, वेलांटी आणि जोडाक्षरातले हलन्त चिन्ह तो वेगवेगळे मोजतो.

माझा सल्ला असा की पडद्यावर दिसणारा मजकूर मराठीत ठेवा, टिपणे मराठीत लिहा, पण प्रोग्रॅममधली नावे रोमन लिपीत ठेवा, हवे तर ‘तिथी’ हाच शब्द रोमन अक्षरांत लिहा. नावे देवनागरीत असली तर प्रत्येक ओळीत कीबोर्डची भाषा बदलत बसावे लागते आणि शिकण्याचा ओघ तुटतो. इंग्रजीचा खरा संबंध येतो तो चुकीचे संदेश वाचताना. एक वही करून प्रत्येक नवा संदेश जसाच्या तसा उतरवा आणि त्याखाली तो कशामुळे आला व काय केल्यावर गेला हे मराठीत लिहा. नवशिक्याच्या वाट्याला येणारे संदेश फार नाहीत, तेच ते फिरून येतात.

प्रश्न : बारावीला माहिती तंत्रज्ञान विषय घेतला होता. त्यात जावास्क्रिप्ट आणि थोडे पीएचपी (वेब सर्व्हरवर चालणारी भाषा) झाले. आता सगळे पायथन म्हणतात. झालेले सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू का?
— एक विद्यार्थिनी, अलिबाग

उत्तर : सोडू नका. तुमची पहिली भाषा ठरून गेली आहे, तिचे नाव जावास्क्रिप्ट. परीक्षेपुरती जी शिकलात तिच्यात एक गोष्ट शेवटपर्यंत करा. गुहागरच्या विद्यार्थ्याला सांगितलेलाच हिशेब घ्या : तिथी निवडली की भरतीच्या दोन्ही वेळा दाखवणारे एक पान. ब्राउझरला इंटरनेट लागत नाही, फाइल लॅपटॉपवर असली तरी पुरते. चौकटीतून आलेल्या तिथीचा ताबडतोब आकडा करून घ्या, सगळा हिशेब मिनिटांत करा आणि भागाकारानंतर ‘मॅथ डॉट फ्लोअर’ लावून पूर्ण तास काढा. काही बिघडले तर एफ १२ दाबून उघडणारी कन्सोलची खिडकी पाहा; जावास्क्रिप्ट जे थोडेफार बोलते ते तिथेच बोलते. पंधराही तिथींना वेळ बरोबर आली, दुसऱ्या भरतीचे तास बाराच्या पुढे जाऊन तेरा आणि तेवीस असे दिसेनासे झाले आणि रिकाम्या चौकटीवर बटण दाबले तरी पान गडबडले नाही, की मग पायथनचा विचार करा. तोच प्रोग्रॅम तेव्हा तुम्ही एका संध्याकाळी त्यात लिहाल.